गाठीमागे एक रुपया

१६ मार्च १८४६ रोजी अमृतसरला एक करार झाला आणि काश्मीर पंचाहत्तर लाख नानकशाही रुपयांना जम्मूच्या गुलाबसिंगाच्या हवाली झालं. या कराराचं दहावं कलम मुद्दाम वाचण्यासारखं आहे. ब्रिटिश सरकारचं वर्चस्व मान्य असल्याची खूण म्हणून गुलाबसिंगानं दरवर्षी एक घोडा, शालीच्या लोकरीच्या बारा जातिवंत बकऱ्या (सहा नर, सहा माद्या) आणि काश्मिरी शालींच्या तीन जोड्या द्यायच्या, असं त्यात लिहिलं आहे. सोनं नाही, हत्ती नाहीत. ज्या मुलुखाचा सौदा झाला त्याची खरी दौलत कशात आहे, हे दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक होतं.

शालीचा इतिहास बहुतेक वेळा अशा दरबारांमधूनच सांगितला जातो. अकबराला शालींचा किती षोक होता आणि शाल दुहेरी करून पांघरण्याची रीत त्याच्या दरबारात कशी रुळली, हे अबुल फजलनं ‘ऐन-ए-अकबरी’त नोंदवून ठेवलं. नेपोलियनच्या जोसेफिननं शालींचाच झगा अंगात घालून चित्रकारासमोर बैठक दिली. पुण्यात पेशव्यांच्या दरबारातून मानाचा पोशाख निघे तेव्हा त्यात शालजोडी असे, आणि आजही महाराष्ट्रात सत्कार म्हटला की शाल-श्रीफळ आलंच. शाल पांघरणाऱ्यांची नावं अशी मुबलक मिळतात. ती विणणाऱ्याचं नाव क्वचित कळतं. आणि ज्या धाग्यावर हा सगळा डोलारा उभा आहे, तो कातणारीचं नाव तर कुठेच लिहिलेलं नसतं.

म्हणून या विषयाची ओळख दुसऱ्या टोकाकडून करून द्यायला हवी. पश्मिन्याची शाल कारखान्यात तयार होत नाही. ती श्रीनगरच्या जुन्या शहरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या राहत्या घरांमध्ये तयार होते. एका घरात लोकर निवडली आणि कातली जाते, दुसऱ्या घरात विणली जाते, तिसऱ्या घरात तिच्यावर सुई चालते. या घरांमध्ये कामाची वाटणी इतकी बारीक आहे की एकच माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक शाल करतो, असं सहसा घडतच नाही.

सुरुवात मात्र काश्मीरमध्ये होत नाही. ती होते लडाखच्या चांगथांग पठारावर, समुद्रसपाटीपासून चौदा हजार फुटांहून अधिक उंचीवर. हिवाळ्यात तिथं पारा शून्याखाली तीस अंशांच्याही खाली उतरतो. अशा थंडीत तग धरण्यासाठी तिथल्या चांगथांगी बकरीच्या राठ केसांखाली मऊ लोकरीचा एक आतला थर वाढतो. हाच पश्म. उन्हाळा लागताना बकरी हा थर आपोआप सोडू लागते, तेव्हा चांगपा पशुपालक लांब दातांच्या फणीनं तो विंचरून काढतात. बकरी मारावी लागत नाही, कातरावीही लागत नाही. राठ केस वेगळे काढल्यावर एका बकरीचा निव्वळ पश्म शंभर ग्रॅमच्या आगेमागे भरतो, म्हणजे एका शालीला दोन-तीन बकऱ्यांची वर्षभराची लोकर लागते. या तंतूची जाडी बारा ते सोळा मायक्रॉन असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, हे लक्षात घेतलं की या कामाची नजाकत आणि अडचण दोन्ही कळतात.

हा कच्चा माल काश्मीरकडेच का गेला, यामागं राजकारण आहे. १६८४ मध्ये लडाख आणि तिबेट यांच्यात तिंगमोसगांगचा तह झाला आणि पश्माच्या व्यापाराची मक्तेदारी काश्मिरी व्यापाऱ्यांच्या हाती आली. बकरी लडाखची, हात काश्मीरचे आणि नफा तिसऱ्याचाच, ही घडी तेव्हापासून बसली. लडाखी घरांमध्ये लोकर कातणं आणि विणणं नवं नव्हतं, पण तिथला पश्म मात्र बहुतांशी कच्चाच बाहेर जात राहिला. ती घडी थोडी विस्कटावी असे प्रयत्न आता कुठे सुरू झाले आहेत. लेहमध्ये केस वेगळे काढण्याचं यंत्र आलं आणि २०१७ मध्ये ‘लूम्स ऑफ लडाख’ ही स्त्रियांची सहकारी संस्था उभी राहिली. आपल्या बकऱ्यांची लोकर आपणच कातून, विणून विकायची, हा तिचा साधा आणि योग्य आग्रह आहे.

काश्मिरी घरात पश्म येतो तेव्हा तो मळका, तेलकट आणि गुंतलेला असतो. इथून पुढचं काम स्त्रियांचं. त्या आधी लोकर हातानं पिंजून सुटी करतात, उरलेले राठ केस एकेक करून वेचतात. मग तिच्यात तांदळाचं पीठ मिसळून ठेवतात. साबणानं हा तंतू रुक्ष होतो. तांदळाचं पीठ तेल शोषून घेतं, मळ सोडवतं आणि मऊपणा राखतं. नंतर लोकर उभ्या फणीवरून पुन्हा पुन्हा ओढून विंचरायची, पीठ झाडून टाकायचं आणि पेळूसारख्या हलक्या घड्या करून ठेवायच्या.

मग येतो यंदर, म्हणजे काश्मिरी चरखा. आपल्याकडच्या चरख्याचाच भाऊबंद, पण त्याची चात फिरते ती वाळक्या गवताच्या वळलेल्या वेढ्यांमध्ये. लोखंडाचा आधार या धाग्याला सोसत नाही. कातणारी खिडकीजवळ, उजेडाकडे तोंड करून बसते. उजव्या हातानं चाक फिरतं, डाव्या हाताच्या चिमटीतून लोकर सुटते, हात हळूहळू वर जातो आणि हवेत एक धागा तयार होतो. तो इतका बारीक असतो की उजेडाची तिरीप पडली तरच दिसतो. हात खाली येतो, धागा गवताच्या काडीवर गुंडाळला जातो आणि हात पुन्हा वर. पीळ जरा जास्त झाला की धागा ताठरतो, कमी पडला की तुटतो. चिमटीतला दाब किती ठेवायचा, हे शिकवून येत नाही. मुली आईशेजारी, आजीशेजारी बसून वर्षानुवर्षांत ते उचलतात.

काडीवरचे दोन धागे एकत्र करून दुसऱ्या चाकावर त्यांना पीळ देतात, म्हणजे ताण सोसण्याइतका जोर येतो. मग मोजणी. वीतभर लांबीचे दहा धागे मिळून एक गाठ. कातणारीची मजुरी या गाठींवर ठरते आणि गाठीमागे एक रुपया हा दर वर्षानुवर्षं तसाच चालत राहिला. घरचा स्वयंपाक, मुलंबाळं, गोठा सांभाळून दिवसभरात शंभर गाठी झाल्या, तर हातात शंभर रुपये. अलीकडे काही ठिकाणी दर वाढले आहेत, पण पुष्कळ घरांतल्या तरुण मुलींनी तोवर यंदर कोपऱ्यात सारला आणि त्यांना दोष देता येणार नाही. ज्या कामानं आजीच्या पिढीचा संसार चालला, त्याच कामातून नातीचा महिन्याचा खर्चही निघत नसेल, तर परंपरेचे गोडवे तिला कुणी ऐकवू नयेत.

कातलेला धागा पुढं पुरुषांच्या हाती जातो. ताणा करणारे दोघे जण मोकळ्या जागेत जमिनीत गज रोवतात आणि हातातल्या काठ्यांवरून धागा सोडत त्या गजांभोवती फेऱ्या घालतात. चार-सहा शालींना पुरेल एवढा ताणा एका वेळी होतो. धाग्याला भाताच्या पेजेची खळ दिली जाते, कारण खळीशिवाय हा धागा मागावर टिकणारच नाही. मग एक वेगळा कारागीर हजारांहून अधिक धागे एकेक करून मागाच्या वह्यांतून आणि फणीतून ओवतो. शालीच्या मजुरीचा हिशेब करताना ही माणसं बहुधा विसरली जातात. एक धागा चुकला, तर संपूर्ण लांबीभर रेघ उमटते.

आता विणकर. काश्मिरीत त्याला ‘वोवुर’ म्हणतात. माग घरातल्याच एका खोलीत असतो, खिडकीला लागून. हिवाळ्यात फिरनच्या म्हणजे सैल झग्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी, बाहेर बर्फ आणि आत धोट्याचा आवाज. पायाखालच्या पावड्या दाबल्या की ताणा दुभंगतो, धोटा सरकतो, फणी येऊन ठोकते. ठोकायचं ते हलक्या हातानं. जोर जास्त झाला तर कापड घट्ट होतं आणि पश्मिन्याचा ऊबदार पोकळपणाच जातो. नुसत्या तिरप्या विणीची शाल काही दिवसांत उतरते. ‘चश्म-ए-बुलबुल’ ही बारीक चौकटींची वीण घ्यायची तर हात आणि नजर दोन्ही अधिक गुंततात. धागा तुटतो, सांधला जातो, पुन्हा तुटतो. विणकराचं निम्मं कौशल्य विणण्यात आणि निम्मं या सांधण्यात असतं.

मागावरून उतरलेली शाल अजून शाल नसते. पुर्जगर चिमट्यानं तिच्यातल्या गाठी आणि कचरा वेचून काढतो. मग ती वाहत्या पाण्यात धुतात, सावलीत वाळवतात आणि सुरकुत्या जाव्यात म्हणून रुळाभोवती ताणून ठेवतात. कुठे विरलं असेल तर रफूगर बसतो. उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादचे रफूगर या कामात नामांकित आहेत. जुन्या शालीचं भोक त्यांनी असं बुजवावं की घरच्या माणसालाही जागा सापडू नये.

साध्या शालीची ही गत, तर कानी शालीचं काय सांगावं! श्रीनगरपासून थोड्याच अंतरावर, बडगाम जिल्ह्यात कानिहामा नावाचं गाव आहे. या गावाची ओळखच कानी शालीनं घडली. इथं बाणा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग जात नाही. लाकडाच्या छोट्या काड्यांवर रंगीत धागे गुंडाळलेले असतात. नक्षीतला एकेक रंग आपापल्या काडीनं, आपापल्या जागेपुरता विणायचा आणि शेजारच्या रंगात अडकवायचा. येवल्याच्या पैठणीचा पदर ज्यांनी मागावर पाहिला आहे, त्यांना ही जात लगेच ओळखू येईल. पैठणीत रेशीम आणि जर, इथं पश्म; तिथं साधी वीण, इथं तिरपी; पण रंग रंगात गुंतवण्याची विद्या एकच. फरक असा की कानीचा विणकर चित्र समोर ठेवून विणत नाही. त्याच्यासमोर असते ‘तालीम’, म्हणजे कागदाच्या पट्टीवर खुणांच्या लिपीत लिहिलेली आज्ञावली: इतके धागे या रंगाचे, पुढचे इतके त्या रंगाचे. नक्काश आराखडा काढतो, तालीम लिहिणारा त्याचा हिशेब मांडतो आणि विणकर तो वाचत जातो. शालीची उलटी बाजू त्याच्याकडे असते, म्हणजे विणताना सुलटी नक्षी त्याला दिसतही नाही. दिवसाकाठी इंचभर काम झालं तरी पुष्कळ झालं. दाट नक्षीच्या एका शालीत वर्ष सहज जातं, कधी त्याहून अधिक.

या संथ कामाची रीतसर नोंद करणारा पहिला महत्त्वाचा युरोपीय म्हणजे विल्यम मूरक्रॉफ्ट. तो ईस्ट इंडिया कंपनीचा पशुवैद्य. घोड्यांच्या शोधात निघालेला हा माणूस १८२२ मध्ये श्रीनगरला पोचला आणि तिथल्या शालींनी त्याला पुरतं खिळवून ठेवलं. कोण काय करतो, कुणाला किती मिळतं, कर कसा बसतो, हे त्यानं बारकाईनं टिपलं. त्याची टिपणं १८४१ मध्ये पुस्तकरूपानं आली तेव्हा तो हयात नव्हता. मूरक्रॉफ्टचा हेतू ब्रिटनमध्ये अशा शाली विणता याव्यात हा होता, हे विसरू नये. तरीही त्याच्या टिपणांमुळेच आज आपल्याला त्या काळच्या कातणारीचं घर दिसतं.

त्या घरावर कराचा बोजा किती होता, हे सांगितल्याशिवाय शालीची गोष्ट पुरी होत नाही. अफगाण अमलात, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, सुभेदार हाजी करीमदाद खानानं ‘दाग-शाल’ हा कर बसवला. प्रत्येक शालीवर सरकारी ठसा आणि ठशाचे पैसे. शीख आणि पुढं गुलाबसिंगाच्या घराण्याच्या डोग्रा राजवटीतही तो चालू राहिला. कर चुकवावा आणि कामही लवकर उरकावं म्हणून विणकर एक शाल अनेक मागांवर तुकड्यातुकड्यांनी विणू लागले आणि रफूगर ते तुकडे बेमालूम जोडू लागले. सुईकामाच्या शालीही याच काळात पुढं आल्या. १८०३ च्या सुमारास ख्वाजा युसूफ नावाचा आर्मेनियन व्यापारी कॉन्स्टँटिनोपलहून आला. विणलेल्या नक्षीच्या जागी भरतकाम केलं तर खर्च आणि कर दोन्ही वाचतील, ही कल्पना त्याची, आणि ती उतरवणारा हात अली बाबा या काश्मिरी रफूगराचा, असं मानलं जातं. आज ज्याला आपण काश्मिरी भरतकाम म्हणून ओळखतो, त्याच्या वाढीमागं जाचक कराचाही हात आहे.

विणकरांना तर घर सोडून जाण्याचीही मोकळीक नव्हती. २९ एप्रिल १८६५ रोजी ते श्रीनगरच्या झालदागर भागात जमले. मागणी कर कमी करण्याची. सैन्य चालून आलं, गर्दी मागं रेटली गेली आणि माणसं जवळच्या कालव्यात पडली. अठ्ठावीस विणकर गेले. मजुरांच्या चळवळीच्या आपल्या पुस्तकांत या तारखेचा उल्लेख अभावानंच असतो. तो असायला हवा.

पाच वर्षांनी फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं. काश्मिरी शालीचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक फ्रान्स, ते युद्धात पुरतं खचलं. फॅशनही पालटली. त्याआधीच स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावात जॅकार्ड मागांवर नकली काश्मिरी शाली निघत होत्या आणि कोयरीची नक्षी जगभर त्या गावाच्या नावानं ओळखली जाऊ लागली होती. भरीला १८७७ ते १८७९ चा भीषण दुष्काळ काश्मीरवर कोसळला. किती विणकर मेले आणि किती पंजाबात निघून गेले, याची मोजदाद करायला कुणी उरलंच नाही. कानीची विद्या थोड्या घरांत कशीबशी तगली.

आजचं संकट वेगळं आहे. त्याला दुष्काळासारखं रूप नाही, म्हणून ते चटकन दिसत नाही. पश्माचा तंतू यंत्रावर कातताना तुटतो, म्हणून त्यात नायलॉन मिसळतात आणि नंतर आम्लानं तो काढून टाकतात. आम्ल नायलॉनबरोबर पश्माचाही जोर खातं. तरी हा धागा एकसारखा असतो, मागावर कमी तुटतो आणि स्वस्त पडतो, त्यामुळे पुष्कळ विणकरांनाही तोच सोयीचा वाटतो. असा धागा मागावर गेला की कातणारी हद्दपार. त्यापुढं यंत्रमाग येतो, आणि मग हातमागवालाही हद्दपार. १९८५ च्या कायद्यानं शालींसह ठरावीक कापडं हातमागासाठी राखीव ठेवली आहेत, पण बाजारात फिरणाऱ्याला तो कायदा कुठं दिसत नाही. व्हिस्कोसची तीनशे रुपयांची शालसुद्धा फुटपाथवर पश्मिना म्हणूनच विकली जाते.

दुसरीकडे चांगथांगही अस्वस्थ आहे. २०१२-१३ च्या हिवाळ्यात अवेळी पडलेल्या जबर बर्फानं हजारो बकऱ्या आणि करडं दगावली. सीमेवरच्या तणावानं २०२० पासून हिवाळी कुरणं आक्रसली. पशुपालकांची मुलं लेहमध्ये नोकऱ्या शोधतात. जगात ‘कॅशमियर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या लोकरीत भारताचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. बहुतेक लोकर चीन आणि मंगोलियातून येते. लडाखच्या पश्माची मातब्बरी वजनात नाही. हातांच्या ज्या साखळीतून तो जातो, तिच्यामुळे त्याचं मोल आहे.

या साखळीला एक अधिकृत आधार मिळाला आहे. काश्मीर पश्मिन्याला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या अटी तीन: तंतू सोळा मायक्रॉनपर्यंतचाच हवा, तो हातानं कातलेला हवा आणि हातमागावर विणलेला हवा. श्रीनगरच्या तपासणी केंद्रात शाल सूक्ष्मदर्शकाखाली जाते आणि कसोटीला उतरली तर तिला लेबल लागतं. तिन्हींतली मधली अट कातणारीसाठी आहे, आणि सर्वांत जास्त मोडली जाते तीही हीच.

ग्राहकानं थोडं जाणून घेतलं तर यात बराच फरक पडेल. अंगठीतून शाल ओढून दाखवणं ही परीक्षा नव्हे; पातळ व्हिस्कोसही अंगठीतून निघतं. कुणी शहातूश देऊ केली, तर तिथून उठून यावं. ती तिबेटी चिरू हरणाला मारूनच मिळते आणि तिचा व्यापार गुन्हा आहे. पश्मिना घेणार असाल, तर मानांकनाचं लेबल पाहा. दुकानदाराला विचारा, धागा हातानं कातलेला आहे का, आणि कातणाऱ्या बाईला गाठीमागे किती दिले. त्याला सांगता आलं नाही, तर दुसऱ्या दुकानात जा. हातकताईची शाल महागच असणार. ती दरवर्षी घ्यायची वस्तू नाही. पैसे साठवून आयुष्यात एकदा घ्या, पण तीच घ्या.